आकड्यांचे चित्र : बोलके, तितकेच फसवे

घरी आलेल्या विजेच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर दाखवणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. नवा फ्रीज घ्यायला गेले की त्याच्या दारावरचे वीजबचतीचे तारे मोजले जातात. पावसाळ्यात हवामान खात्याच्या नकाशावर जिल्हे हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत विभागलेले दिसतात, तर संध्याकाळच्या बातम्यांत सेन्सेक्सची चढती-उतरती रेषा झळकते. ही सारी माहितीचित्रे, म्हणजेच आता रूढ झालेल्या शब्दात इन्फोग्राफिक्स. आकड्यांचा तक्ता दिसला की पान उलटणारा वाचकही अशा चित्रापाशी क्षणभर थांबतो.

मात्र छापील वाक्यावर शंका घेण्याची जी सवय वाचकाला असते, ती चित्राच्या बाबतीत सहसा नसते. डोळ्यांना दिसले, म्हणजे ते खरेच असणार, असा समज होतो. शेअर बाजार कोसळला म्हणून गुंतवणूक काढून घ्यायची का, बाळाचे वजन वयाच्या मानाने ठीक आहे का, असे निर्णय आज अशा चित्रांच्या आधारे घेतले जातात. म्हणूनच ही चित्रे कशी बोलतात आणि कुठे दिशाभूल करतात, हे जाणून घेणे केवळ चित्रकारांचे किंवा संख्याशास्त्रज्ञांचे काम राहिलेले नाही.

व्यापारी आलेख ते मृत्यूचा नकाशा

आलेखांचा इतिहास संगणकापेक्षा बराच जुना आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे रेषांच्या रूपात मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातच स्कॉटलंडच्या व्यापाराचा स्तंभालेखही होता. पुढे १८०१ मध्ये त्यानेच वृत्तालेख वापरात आणला. शाळेच्या गणितात आज शिकवले जाणारे आलेखांचे तीन प्रमुख प्रकार अशा रीतीने एकाच माणसाच्या हातून रूढ झाले.

या चित्रांचे खरे सामर्थ्य दिसले ते एकोणिसाव्या शतकात, सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. दूषित हवेमुळे पटकी होते, असे त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत. डॉ. जॉन स्नो यांना मात्र पाण्याचा संशय होता. मृतांचे पत्ते मिळवून ते घरोघरी फिरले. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाच्या आसपास झाल्याचे त्यांना आढळले. त्यांनी ही माहिती स्थानिक मंडळापुढे मांडली आणि ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही नमूद करायला हवे.

त्यानंतर स्नो यांनी जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक मृत्यूसाठी त्या त्या घरापाशी एक काळी आडवी रेघ होती. पंपाभोवती या रेघांची दाटी झालेली होती. त्या नकाशातील रिकाम्या जागाही तितक्याच महत्त्वाच्या होत्या. पंपाजवळच्याच एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील कामगार बचावले होते. त्यांना कामावर प्यायला बिअर मिळे आणि कारखान्याची स्वतःची विहीरही होती. जवळच्या गरीबगृहालाही स्वतंत्र विहीर होती आणि तेथे मृत्यू अगदी थोडे झाले. हवा सर्वांची सारखी होती, पाणी मात्र वेगळे होते.

चारच वर्षांनी, १८५८ मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या मृत्यूंचे वर्तुळाकार आलेख काढले. वर्षाच्या बारा महिन्यांसाठी बारा पाकळ्या आणि मृत्यूच्या कारणांनुसार निळा, लाल व काळा असे तीन रंग. लाल रंग होता रणांगणावरील जखमांचा, तर निळा टाळता येण्याजोग्या रोगांचा. निळ्या पाकळ्यांपुढे लाल भाग अगदीच लहान दिसत होता. शत्रूच्या गोळीपेक्षा छावणीतील घाण अधिक सैनिक मारते, ही गोष्ट लांबलचक अहवाल न वाचणाऱ्या राज्यकर्त्यांनाही त्यामुळे टाळता येईना. ही चित्रे सजावटीसाठी नव्हती. कोणीतरी निर्णय घ्यावा, यासाठी ती काढली होती.

डोळा काय मोजतो?

चित्रामुळे आकडे लवकर का समजतात, याचे उत्तर डोळ्यांच्या कामात आहे. शेजारी-शेजारी, एकाच पातळीवर उभ्या असलेल्या दोन पट्ट्यांपैकी कोणती उंच, हे माणूस क्षणात आणि बरेचसे अचूक सांगतो. कोन आणि क्षेत्रफळ यांची तुलना करताना मात्र तो चुकतो. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोगांच्या आधारे हे दाखवून दिले. वृत्तालेखातील २३ टक्के आणि २६ टक्के हे दोन तुकडे जवळपास सारखे भासतात, पण तेच आकडे पट्ट्यांच्या रूपात मांडले तर फरक चटकन ध्यानात येतो.

या गुणाचा उपयोग भारतीय रेल्वे अनेक दशके करत आली आहे. नियंत्रण कक्षातील आलेखात एका अक्षावर वेळ आणि दुसऱ्या अक्षावर स्थानके असतात. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेषा. वेळ आडव्या अक्षावर असेल, तर रेषा जितकी उभी तितकी गाडी वेगवान. रेषा आडवी झाली, की गाडी थांबली. कोकण रेल्वेसारख्या बहुतांशी एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांच्या दोन रेषा स्थानकावरच छेदल्या पाहिजेत. प्रवासी ज्याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात, तो आलेखावरचा हा छेदनबिंदू होय. पूर्वी कागदावर पेन्सिलीने काढला जाणारा हा आलेख आता संगणकाच्या पडद्यावर आला. त्यामागचे तत्त्व मात्र तेच आहे.

अंगणवाडीतील बाळाच्या वाढीचा तक्ता हे याहून जिव्हाळ्याचे उदाहरण. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर वजन आणि मध्ये रंगीत पट्टे. वजनाचा बिंदू कोणत्या पट्ट्यात पडतो, यावरून बाळाची स्थिती कळते. परंतु दर महिन्याचे बिंदू जोडणारी रेषा कोणत्या दिशेने चालली आहे, हे त्याहून महत्त्वाचे. हिरव्या पट्ट्यात असूनही रेषा दोन-तीन महिने सपाट राहिली, तर तो धोक्याचा इशारा असतो. एकच वजन पाहून जे कळत नाही, ते रेषा सांगते. आकडेमोडीचा सराव नसलेली आईही हा तक्ता समजू शकते, आणि तिच्या बाळासाठी तो वेळीच समजणे आवश्यक असते.

पट्टी मुळाशी कापली तर

जे चित्र इतक्या सहज पटते, त्याच्या आधारे फसवणेही तितकेच सोपे असते. सर्वांत प्रचलित युक्ती अक्षाची आहे. समजा, एखाद्या कंपनीची विक्री १०० कोटींवरून १०४ कोटींवर गेली. वाढ चार टक्क्यांची. पण उभा अक्ष शून्याऐवजी ९८ पासून सुरू केला, तर पहिली पट्टी दोन घरांची आणि दुसरी सहा घरांची होते. आकडे खरे, पण दुसरी पट्टी पहिलीच्या तिप्पट. स्तंभालेखात उंची हाच अर्थ असल्याने पट्टी मुळाशी कापली, की अर्थच बदलतो.

रेषालेखाला मात्र हा नियम सरसकट लागू होत नाही. तापाच्या रुग्णाचे तापमान ९८.६ वरून १०२ अंश फॅरनहाइटवर गेले आणि आलेख शून्यापासून काढला, तर रेषा जवळपास सपाट दिसेल आणि ताप चढल्याचे कळणारच नाही. अक्ष कुठून सुरू झाला आहे, हे पाहिल्याशिवाय चढ किंवा उतार यांविषयी मत बनवू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे.

दुसरी युक्ती आकाराची. गॅस सिलिंडरची किंमत दुप्पट झाली, हे दाखवण्यासाठी दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद सिलिंडर काढला, तर कागदावरील त्याचे क्षेत्रफळ चौपट होते. व्हिएन्नातील विचारवंत ओटो नॉयराथ यांनी १९२० च्या दशकातच यावर साधा उपाय सुचवला होता. आकार मोठा करू नये. सारख्याच आकाराची चित्रे अधिक संख्येने काढावीत. अमेरिकी अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हेच सूत्र व्यापक केले. आकड्यांत जेवढा फरक आहे तेवढाच चित्रात दिसावा, असे त्यांचे सांगणे आहे.

घसरण नेमकी केवढी?

गुंतवणूकदारांची सर्वाधिक धांदल उडते ती सेन्सेक्सच्या आलेखाने. ४ जून २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशी, सेन्सेक्स सुमारे ४,३९० अंशांनी कोसळला. त्याआधी २३ मार्च २०२० रोजी, करोनाच्या भीतीने, तो सुमारे ३,९३५ अंशांनी घसरला होता. अंशांच्या पट्ट्या काढल्या, तर २०२४ ची घसरण मोठी ठरते. टक्केवारी काढली, की चित्र उलटते. २०२० मधील घसरण १३.१५ टक्क्यांची होती, तर २०२४ मधील ५.७४ टक्क्यांची. निर्देशांक जितका वर जाईल, तितका एकेक अंश हलका होत जातो. गुंतवणूकदाराच्या एक लाख रुपयांपैकी किती गेले, हे टक्के सांगतात, अंश नव्हे.

तंत्रज्ञान कंपन्यांच्या जाहिरातींत आणखी एक प्रकार आढळतो. ‘आजवर एवढ्या लोकांनी आमचे अ‍ॅप घेतले’, असे सांगणारी रेषा कायम वरच जाते, कारण एकूण बेरीज कधी कमी होत नाही. नवे ग्राहक दरमहा घटत असले, तरीही ती चढतच राहते. अशा वेळी या महिन्यात किती नवे आले आणि आधीच्यांपैकी किती जण ते अ‍ॅप अजून वापरतात, हे विचारावे लागते.

नकाशांचेही तसेच. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, तर मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांचे मिळून ६०३ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत सुमारे १० लाख ७३ हजार, तर मुंबईत सुमारे १ कोटी २४ लाख लोक होते. जिल्हावार रंगवलेल्या नकाशात गडचिरोलीचा रंग मुंबईच्या जवळपास २४ पट जागा व्यापतो, माणसे मात्र मुंबईत साडेअकरा पटींहून अधिक. निवडणुकीचा निकाल असो वा रुग्णसंख्या, असा नकाशा माणसे नव्हे, जमीन मोजून दाखवतो.

वाचकाने काय पाहावे?

अमेरिकेत १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘यूएसए टुडे’ने रंगीत आलेख आणि हवामानाचे नकाशे दैनंदिन बातमीचा भाग बनवले. संगणकामुळे ही चित्रे काढणे सोपे झाले. पुढे मोबाइलच्या लहान पडद्यामुळे ती आणखी आटोपशीर झाली. मात्र आटोपशीरपणाच्या भरात अक्षावरील आकडे, एकक, कालावधी आणि माहितीचा उगम, या चार गोष्टी सर्वप्रथम गाळल्या जातात. नेमक्या याच चार गोष्टींवरून चित्राचा खरेपणा तपासता येतो. त्या नसतील, तर ते चित्र कितीही देखणे असले तरी बातमी म्हणून न स्वीकारलेले बरे.

याचा सराव घरच्या विजेच्या बिलापासून करता येईल. मे महिन्याची पट्टी डिसेंबरच्या पट्टीहून उंच दिसली, म्हणून मीटर बिघडला, असे होत नाही. उन्हाळ्यात पंखे आणि वातानुकूलन यंत्रे अधिक चालतात. मे महिन्याची तुलना मागील वर्षीच्या मे महिन्याशी करावी. बिल किती दिवसांचे आहे, हे पाहावे. पट्ट्या युनिटच्या आहेत की रुपयांच्या, याचीही खात्री करावी, कारण वापर तेवढाच राहून केवळ दर वाढले, तरी रुपयांची पट्टी उंचावते. एवढे पाहून झाल्यावरही पट्टी उंच दिसली, तर वीज कंपनीकडे तक्रार करायला ग्राहकाच्या हाती नेमका मुद्दा असेल.