मराठवाड्यातील सामाजिक शास्त्रांचे पदव्युत्तर शिक्षण

मराठवाड्यातील सामाजिक शास्त्रांचे पदव्युत्तर शिक्षण प्रामुख्याने छत्रपती संभाजीनगर व नांदेड येथील विद्यापीठे आणि त्यांना संलग्न महाविद्यालये यांतून दिले जाते. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन हे त्यातील प्रमुख विषय होत.

निजामाच्या राजवटीत या प्रदेशासाठी हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ (स्थापना १९१८) हेच राज्यातील विद्यापीठ होते. तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्याने ताडकळससारख्या गावातील मराठी विद्यार्थ्यापुढे अंतर आणि भाषा असे दोन अडसर होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. दीर्घ आंदोलनानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव त्यास जोडले गेले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, म्हणजे मुक्तिसंग्रामदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. परभणी जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात येतो. ताडकळस पूर्णा तालुक्यात असून पूर्णा जंक्शनहून नांदेडला थेट रेल्वे असल्यामुळे मुक्कामाचा खर्च न पेलणाऱ्यांना, विशेषतः मुलींना, घरी राहून एम.ए. करणे शक्य झाले.

कला शाखेच्या या परीक्षा मराठीतून देता येतात. मात्र संदर्भग्रंथ बहुतांशी इंग्रजीत आहेत, ही उणीव अद्याप मोठी आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या तुळजापूर येथील परिसरात ग्रामीण विकासाशी निगडित अभ्यासक्रम असून त्यांचे माध्यम इंग्रजी आहे. नोकरी वा शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा पर्याय आहे.