बिनगुणांची परीक्षा

बँकेत संध्याकाळी कॅश जुळली नाही, तर कुणी घरी जात नसे. चूक त्याच दिवशी सापडे, कारण ती ताजी असे. ऑडिटात निघालेल्या चुकीतून मात्र फक्त मेमो मिळे.

परवा नात संगणकावर अपूर्णांक सोडवत होती. अर्धा अधिक एक-तृतीयांश. तिने दोन-पंचमांश लिहिले. पडद्यावर लगेच आले, ‘हे तर अर्ध्याहूनही कमी झाले. पुन्हा पाहा.’ ती खुदकन हसली आणि पुन्हा बसली. गुण नव्हते, म्हणून भीतीही नव्हती.

१९५३ साली हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. आपले उत्तर बरोबर की चूक, हे मुलांना दुसऱ्या दिवशीपर्यंत कळत नाही, हे त्यांना खटकले. त्यातूनच त्यांचे शिकवणारे यंत्र जन्मले.

अर्थात, ‘बरोबर’ येईपर्यंत अंदाजाने बटणे दाबण्याचा मोहही असतोच. नातही एकदा तसे करताना दिसली. मी विचारले, ‘छेद सारखे का करायचे गं?’

ती थोडा वेळ थांबली. ‘आजोबा, तुकडे सारखे नसतील, तर मोजणार कसे?’

हिशेब जुळला होता.