चिन्नोर तांदळाची विक्री आणि समाजमाध्यमे

भंडारा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांत पावसाळ्यात बांध्या धानाने भरून जातात. यांतील बहुतेक धान हमीभावाच्या खरेदी केंद्रावर किंवा तुमसरसारख्या बाजारपेठेत जाते. याच बांध्यांच्या एखाद्या कोपऱ्यात चिन्नोर हे सुगंधी धान पूर्वापार घेतले जात आले आहे. पीक फुलोऱ्यावर आले की बांधावरून जाणाऱ्यालाही त्याचा वास येतो. त्याचा भात मऊ होतो, आणि पाहुणा आला असता किंवा सणावारी तो आवर्जून शिजविला जातो.

असे असूनही चिन्नोर पेरणाऱ्यापुढे दरवर्षी एक अडचण उभी राहते. हे धान उशिरा येते, उंच वाढते, वाऱ्याने लोळते आणि इतर जातींपेक्षा उत्पन्न कमी देते. बाजाराच्या ढिगात मात्र त्याची वेगळी ओळख राहतेच असे नाही. सुगंधाची किंमत मोजणारा ग्राहक नागपूर, पुणे किंवा मुंबई येथे आहे. परंतु त्याची आणि शेतकऱ्याची गाठ पडत नाही. ही गाठ घालून देण्याचे एक साधन म्हणून व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम इत्यादी समाजमाध्यमांकडे पाहता येते. काही शेतकरी व महिला बचत गट या मार्गाने विक्री करू लागले आहेत, तर काहींनी फोनवर दोनचार जाहिराती टाकून, गिऱ्हाईक येत नाही म्हणून ती सोडूनही दिली आहे. दोहोंत फरक का पडतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

वास फोनमधून जात नाही

चिन्नोरचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचा वास, आणि नेमका तोच छायाचित्रात उतरत नाही. फोनच्या पडद्यावर चिन्नोर आणि दुसरा कोणताही बारीक तांदूळ सारखाच दिसतो. म्हणून 'अस्सल सुगंधी तांदूळ, आजच मागवा' असे कितीही ठळक अक्षरांत लिहिले, तरी अनोळखी माणसाने त्यावर विश्वास का ठेवावा? ज्याने तो भात खाल्ला आहे त्याने सांगितले, तर मात्र ऐकणारा मागवून पाहतो. समाजमाध्यमांचा खरा उपयोग येथे आहे. खाणाऱ्याचा शब्द त्याच्या ओळखीच्या माणसांपर्यंत पोहोचविण्याचे ते साधन आहे. साधी जाहिरात लावण्यासाठी भिंतही पुरेशी होती.

पूर्व विदर्भात ही रीत नवी नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, सोयरेधायरे एकत्र येतात, रात्री दंडार किंवा नाटक होते, आणि कोणाकडे बैल विकाऊ आहे येथपासून कोणाची मुलगी उपवर आहे येथपर्यंतच्या सर्व बातम्या एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. समाजमाध्यम हे याच ओळखीच्या जाळ्याचे लांब केलेले रूप समजावे. ज्या घराची मंडईत पत आहे, त्याला फोनवरही पत मिळते. ज्याने सोयऱ्याला ओले धान दिले, त्याची बातमीही तितक्याच वेगाने जाते.

मंडईच्या दिवसांत चिन्नोर बहुधा बांधीतच उभा असतो. तरीही तो काळ या कामासाठी उत्तम होय. नोकरीधंद्यानिमित्त नागपूर-पुण्यास गेलेली गावची मंडळी त्या वेळी घरी आलेली असतात. त्यांना बांधीवर नेऊन पीक दाखवावे, मागील वर्षाचा थोडा तांदूळ शिजवून वाढावा आणि मागणी नोंदवून घ्यावी. नव्या मालाच्या पहिल्या वीस ग्राहकांत सोयरे किंवा त्यांचे शेजारी असावेत. ज्यास एकही ओळखीचा ग्राहक मिळत नाही, त्यास फेसबुकवर अनोळखी शंभर मिळतील अशी आशा धरू नये.

कोणते माध्यम कशासाठी

सर्व माध्यमांवर एकाच वेळी हजर राहण्याची आवश्यकता नाही. प्रारंभी व्हॉट्सॲप पुरेसे असते. छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळे 'व्हॉट्सॲप बिझनेस' हे ॲप जानेवारी २०१८ मध्ये निघाले. ते विनामूल्य मिळते. त्यात मालाची छायाचित्रे, वजन व भाव यांचा कॅटलॉग ठेवता येतो, आणि 'पैसे मिळाले', 'माल पाठविला' अशा खुणा ग्राहकाच्या नावापुढे लावता येतात.

निरोप पाठविण्याच्या दोन पद्धतींतील भेद लक्षात घ्यावा. ग्रुपमध्ये सर्वांना सर्वांचे क्रमांक दिसतात, आणि एकाची तक्रार सर्वजण वाचतात. ब्रॉडकास्ट लिस्टद्वारे एका वेळी २५६ जणांपर्यंत निरोप जातो, तो प्रत्येकास स्वतंत्र पोहोचतो, आणि उत्तरही फक्त पाठविणाऱ्यास मिळते. मात्र ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये नोंदविला आहे, त्यालाच तो निरोप मिळतो. कित्येक गटांचे निरोप 'जातच नाहीत' अशी तक्रार असते, तिचे कारण बहुधा हेच. पहिली थैली देतानाच ग्राहकास क्रमांक नोंदवून घेण्याची विनंती करावी. संमतीवाचून कोणासही ग्रुपमध्ये ओढू नये. अनेकांनी तक्रार केल्यास व्हॉट्सॲप तो क्रमांकच बंद करू शकते.

क्रमांक कोणाचा, हा प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु बचत गटांचा व्यवसाय बऱ्याचदा येथेच अडतो. अध्यक्षाबाईंच्या मुलाच्या फोनवर सर्व काम चालते, मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी जातो, आणि ग्राहक त्याच्याबरोबर जातात. गटाच्या व्यवहारासाठी स्वतंत्र सिमकार्ड घ्यावे, आणि ग्राहकांची नावे, पत्ते व मागणी कागदी वहीतही लिहून ठेवावी.

फेसबुकचे पान किंवा इन्स्टाग्रामचे खाते नंतर उघडावे. नव्या ग्राहकास 'हे लोक कोण' हे पाहण्यासाठी त्याचा उपयोग होतो. पैसे देऊन जाहिरात करण्याची सोयही तेथे आहे. तथापि मालाबद्दल ग्राहकांचे चार बरे शब्द पानावर जमण्यापूर्वी तिच्यावर खर्च करणे म्हणजे रोवणीआधी खत टाकून पाणी सोडून देण्यासारखे आहे.

काय लिहावे, काय दाखवावे

रोज सकाळी फुलांचे चित्र आणि सुविचार पाठविणाऱ्याचे निरोप लोक न वाचताच पुसून टाकतात. शेतकऱ्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि ते हंगामानुसार आपोआप बदलते. पऱ्हे टाकले, रोवणी झाली, लोंब्या बाहेर पडल्या, कापणी लागली, मळणी झाली, गिरणीतून पहिला तांदूळ निघाला, या प्रत्येक टप्प्याचे एक छायाचित्र आणि दोन ओळी पुरेशा होतात. वर्षभरात असे आठदहा निरोप आले, म्हणजे डिसेंबरात भाव कळविला जातो तेव्हा ग्राहकास तो तांदूळ ओळखीचा वाटतो. पीक लोळले किंवा पावसाने कापणी लांबली, तर तेही कळवावे. उशीर आधी कळला तर ग्राहक थांबतो.

छायाचित्र आपल्याच मालाचे असावे. इंटरनेटवरून उचललेले लांब दाण्याच्या बासमतीचे चित्र चिन्नोरसाठी वापरणे ही फसवणूक आहे, आणि थैली उघडताच ती उघडी पडते. दिवसाच्या उजेडात, हाताच्या तळव्यावर घेतलेले दाणे आणि ताटात वाढलेला भात अशी दोन छायाचित्रे चांगले काम देतात. पहिल्या मागणीपूर्वी पाव किलोचा नमुना दिल्यास उत्तम. वासाची साक्ष तोच देतो.

औषधी गुणांचे दावे करू नयेत. अमुक तांदूळ मधुमेहावर गुणकारी आहे असे लिहिणे कायद्याच्या कचाट्यात सापडण्यास पुरेसे आहे. प्रमाणपत्र नसता 'सेंद्रिय' हा शब्दही वापरू नये.

नावाच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. 'भंडारा चिन्नोर' या नावाची भौगोलिक मानांकनात नोंद झालेली आहे. शेजारच्या मध्य प्रदेशातील बालाघाट चिन्नोरला ते २०२१ मध्ये मिळाले. वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा असून तो २००३ पासून अंमलात आहे. त्यानुसार मानांकनाची खूण थैलीवर किंवा जाहिरातीत वापरण्यासाठी उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करावी लागते. गावात चिन्नोर पिकतो एवढ्यावर तो हक्क मिळत नाही. याबाबत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी.

वास टिकविणे

जाहिरात कितीही चांगली असली, तरी थैलीत वास नसेल तर दुसरी मागणी येत नाही. सुगंधी तांदळाचा वास मुख्यतः २-ॲसिटाइल-१-पायरोलिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, आणि हे द्रव्य उडून जाणारे आहे. फार उष्णतेत वाळविल्याने आणि भरडलेला तांदूळ दीर्घकाळ उघडा ठेवल्याने ते कमी होते. म्हणून धान हळूहळू वाळवावे, ओलावा १४ टक्क्यांहून अधिक राहू देऊ नये, आणि साठा तांदळाच्या नव्हे तर धानाच्या रूपात ठेवावा. मागणी जमेल तसतसे थोडे थोडे धान गिरणीतून काढावे. 'या आठवड्यात भरडणार' असा निरोप पाठवून मागणी गोळा केली, तर ताजा माल जातो आणि सोंडे लागण्याची भीतीही उरत नाही. गिरणीत आधी दुसऱ्या जातीचे धान भरडलेले असते; म्हणून पहिले काही किलो वेगळे काढून घरी ठेवावे.

भाव कसा ठरवावा

स्पर्धेत इतरांहून कमी भाव टाकण्याचा मोह फोनवर फार होतो. त्यापूर्वी हिशेब मांडावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सर्वसाधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. समजा एखाद्या बांधीत जाड धान एकरी २० क्विंटल येते आणि चिन्नोर १२ क्विंटल. जाड धानाचे ४७,३८० रुपये होतात; तेवढेच मिळण्यासाठी चिन्नोर धान क्विंटलला सुमारे ३,९४८ रुपयांना पडले पाहिजे. क्विंटलमागे अखंड तांदूळ ६० किलो निघाला असे धरल्यास किलोस सुमारे ६६ रुपये झाले. भरडाई व थैलीचे ६ रुपये आणि पोचविण्याचे १५ रुपये धरले, तर ८७ रुपये होतात. कणी आणि कोंडा यांचे मूल्य यातून वजा करावे. परंतु निरोप लिहिणे, थैल्या भरणे व पार्सल नेणे या घरच्या मेहनतीची मजुरीही यात धरलेली नाही. थोडक्यात, हा भाव जाड धानाची केवळ बरोबरी करतो. प्रत्येकाने आपल्या बांधीचे आकडे घालून हा हिशेब पुन्हा करावा.

पोचविण्याचा खर्च कमी करण्यास ओळखीचे जाळेच उपयोगी पडते. भंडारा ते नागपूर हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. नागपूरच्या एका वसाहतीत राहणाऱ्या नातेवाइकाने तेथील वीस घरांची मागणी एकत्र केली, तर एका फेरीत सर्व माल जातो. त्या नातेवाइकास मोबदला म्हणून थोडा तांदूळ द्यावा. फुकटचे काम फार दिवस चालत नाही.

कायदा, पैसे आणि तक्रारी

तांदूळ थैलीत भरून विकणाऱ्याने अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २००६ खालील नोंदणी करून १४ अंकी क्रमांक थैलीवर छापावा. वजन, किंमत, भरल्याचा महिना व वर्ष, भरणाऱ्याचे नाव, पत्ता व तक्रारीसाठी क्रमांक हेही थैलीवर असावे.

पैसे यूपीआयने घेणे सोयीचे आहे. मात्र एक गोष्ट घरातील सर्वांनी पाठ करावी: पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. एखादा अनोळखी 'ग्राहक' मोठी मागणी नोंदवून, आगाऊ रक्कम पाठवितो म्हणून क्यूआर कोड धाडतो आणि तो स्कॅन करून पिन टाकण्यास सांगतो. असे केल्यास पैसे येण्याऐवजी जातात. सैन्यातील अधिकारी असल्याची बतावणीही केली जाते. फसगत झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. लाजेने गप्प राहिल्यास रक्कम थांबविण्याची वेळ निघून जाते.

तांदळात खडा निघाला, थैली फाटली, वास नाही, अशी तक्रार कधी ना कधी येणारच. ती पुसून टाकू नये व तक्रारदाराशी वाद घालू नये. जेथे तक्रार लिहिली गेली तेथेच दोन ओळींत उत्तर द्यावे, आणि माल बदलून द्यावा.

वहीवरून बांधी

ज्येष्ठात पऱ्हे टाकण्यापूर्वी ग्राहकांची वही काढून बसावे. गेल्या हंगामात किती घरांनी किती तांदूळ नेला, किती जणांनी दुसऱ्यांदा मागविला, आणि कोणाच्या सांगण्यावरून कोण आले, हे तीन आकडे काढावेत. साठ घरांनी प्रत्येकी दहा किलो नेला असल्यास ६०० किलो तांदूळ झाला. वरील हिशेबाने त्यास १० क्विंटल धान, म्हणजे एकराहून थोडी कमी जमीन लागते. घरची जेवणे आणि पुढील बियाणे यांसाठी लागणारे धान त्यात मिळवावे, भेसळीचे ओंबे काढून राखलेले शुद्ध बियाणे तेवढ्यापुरतेच टाकावे, आणि उरलेल्या बांध्यांत नेहमीचे धान घ्यावे.