चित्राचा कस आणि यंत्राची घाई

ब्लू-रे नांवाची तबकडी इ. स. २००६ मध्यें बाजारांत आली. तिच्या एका थरांत २५ गीगाबाइट व दोन थरांत ५० गीगाबाइट मजकूर मावतो. लग्नमुंजींचे सोहळे कित्येकांनीं अशा तबकड्यांवर उतरवून घेतले. परंतु तबकडीवर ओरखडे उठतात, आणि पुष्कळ घरांत ती चालविणारें यंत्रहि आतां राहिलेलें नाहीं. म्हणून तिच्यावरील चित्रण संगणकांत, थोडक्या जागेंत, साठवून ठेवावें असें वाटूं लागतें. या कामीं चित्राचा कस राखावा कीं वेळ वांचवावा, याचा आज विचार करूं.

प्रथम थोडें गणित. एका चौकटींत १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारें २० लाख ७३ हजार बिंदु असतात. दर बिंदूस दीड बाइट धरल्यास चित्रपटाच्या २४ चौकटींना दर सेकंदास सुमारें ७५ मेगाबाइट लागतील, आणि २५ गीगाबाइटांची तबकडी साडेपांच मिनिटांतच भरून जाईल! तरी तिच्यावर दोन तासांचें चित्रण मावतें, कारण तें मुळांतच संक्षिप्त केलेलें असतें. आपण करतों तो त्या संक्षेपाचा संक्षेप होय. आणि गाळलेला तपशील मागाहून कोणत्याहि उपायानें परत मिळत नाहीं.

हा संक्षेप होतो कसा? एका चौकटींतील भिंत पुढच्या चौकटींत तशीच असल्यास ती पुन्हां लिहीत नाहींत. माणूस चालत असेल, तर ‘हा तुकडा इतका सरकला’ एवढेंच टिपून ठेवतात. असा सरकलेला तुकडा हुडकण्यांत यंत्राचा बराच वेळ जातो. मुलांकडून सारांशलेखन करवून घेणाऱ्या शिक्षकास यांत नवल वाटणार नाहीं. घाईनें लिहिलेला सारांश एक तर लांबतो, नाहीं तर त्यांतून अर्थ निसटतो.

एक्स२६४ या प्रचलित आज्ञावलींत कस आणि वेग यांच्या दोन वेगळ्या खुंट्या आहेत. कसाचे आंकडे ० ते ५१. आंकडा लहान, तितकें चित्र चांगलें. न सांगतां तो २३ धरला जातो. १८ च्या आसपास मूळ व प्रत यांतील भेद डोळ्यास सहसा कळत नाहीं. वेगाचे टप्पे दहा. कस कायम ठेवून वेग मंदावला, तर मुख्य लाभ जागेचा होतो, चित्राचा नव्हे. उलट, जागा आधींच बांधून घेऊन घाई केली, तर नुकसान चित्राचें होतें. सर्वांत मंद टप्प्यास कर्त्यांनीं ‘प्लासीबो’, म्हणजे रोग्याच्या समाधानासाठीं दिलेली निर्गुण पुडी, असें नांव ठेविलें आहे. त्यांत वेळ अतोनात जातो आणि लाभ नांवापुरता!

तात्पर्य, कस आधीं ठरवावा, वेग मागाहून. होमाचा धूर, अक्षतांचा वर्षाव, रात्रीची वरात असा दोन मिनिटांचा अवघड तुकडा घेऊन परीक्षा करावी. अंधारांत चौकोन किंवा पट्टे दिसल्यास आंकडा खालीं आणावा. वेग मध्यम किंवा त्याहून एक-दोन पायऱ्या मंद ठेवावा. बहुतेकांना तेवढें पुरे. आणि शक्य असेल तर मूळ तबकडीची हुबेहूब प्रत निराळी राखावी. मांडवांत हंसणारी आजी आज हयात नसेल, तर तिचें चित्र पुन्हां घेतां यावयाचें नाहीं.