ठिणगी योग्य फेरीत पडतेय ना?

बेटेगावहून तारापूर एमआयडीसीकडे धावणाऱ्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाड्यांत ठिणगीचा क्रम बहुधा १-३-४-२ असतो. अनेक इंजिनांत क्रँकच्या चाकावर ६० दात्यांची जागा असते, दोन मुद्दाम गाळलेले. त्या खाचेवरून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, पिस्टनची जागा कळते. पण पहिला आणि चौथा पिस्टन एकदमच वर येतात! एकात दाबलेलं मिश्रण, दुसऱ्यातून धूर बाहेर. कुठे काय, हे कॅम सेन्सर सांगतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एकदाच फिरतो.

क्रँक आणि कॅमचा हा मेळ (सिंक) ३६० अंशांनी चुकला, तर टायमिंग लाइटलाही फसगत कळत नाही, खूण तिथेच दिसते. म्हणून इग्निशन बंद ठेवून पहिला प्लग काढा, भोकावर बोट धरा, क्रँक हाताने फिरवा. हवा बोटाला ढकलते, तीच दाबाची फेरी.