यादीत नाव असणं

पालघर जिल्ह्यात, वसईजवळच्या पापडीत नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग सूर्या प्रकल्पातून येतो. त्या धरणापायी जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासींची घरं आणि शेतं गेली. तारापूर अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. आता बुलेट ट्रेन आणि वाढवण बंदर हे दोन्ही याच पालघर जिल्ह्यात येत आहेत. विस्थापन काय असतं, हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

प्रश्न उरतो तो उठवलेल्या माणसाच्या हिशेबाचा. सरकारी दफ्तरात मोबदल्याची नोंद असते, मोर्चात घोषणा असतात. या दोहोंच्या मधे घरोघर फिरून कुटुंबं मोजणारं, आणि प्रसंगी कुणालाच न रुचणारं लिहून ठेवणारं एक विद्यापीठ मुंबईत देवनारला आहे: टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘टिस’.

संस्थेचा जन्म नागपाड्यातला. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी तिथल्या कामगारवस्तीत ‘नेबरहूड हाऊस’ चालवत. नुसत्या दयाबुद्धीने गरिबांचं भलं होत नाही, त्यासाठी शिकलेली माणसं लागतात, या विचारातून १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. १९४४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं, १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा. मधल्या काळात फाळणी झाली. कुरुक्षेत्राच्या छावणीत निर्वासितांची संख्या तीन लाखांच्या घरात गेली, तेव्हा संस्थेचे शिक्षक आणि विद्यार्थी तिथे कामाला गेले होते.

त्याच सुमारास कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात एक विलक्षण अदलाबदल घडली. रशियाने सैबेरियात हाकललेले सुमारे पाच हजार पोलिश नागरिक, त्यातही बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून तिथल्या छावणीत राहत होते. चर्च, शाळा, दवाखाना, नाटकं असं एक छोटं पोलंडच तिथे उभं राहिलं होतं. १९४८ पर्यंत ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांत पांगले आणि त्यांच्या जागी सिंधी निर्वासित आले. तेच आजचं गांधीनगर, कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं.

छावणी एकच होती, पण राहणाऱ्यांची स्थिती सारखी नव्हती. पोलिश माणसं पाहुणी होती. त्यांच्या खर्चाचा भार लंडनमधल्या त्यांच्या निर्वासित सरकारने उचलला आणि वेळ आली तेव्हा ती निघून गेली. सिंधी कुटुंबांना राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने नागरिकत्व मिळालं. पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवायला १९५० चा कायदा होता, भरपाईला १९५४ चा. त्यांची नावं यादीत होती. सीमा ओलांडून आलेल्या परक्या निर्वासितासाठी मात्र आजही भारतात स्वतंत्र कायदा नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर आपण सही केलेली नाही. अरुणाचलातल्या चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की जीविताचं संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे. तेवढाच काय तो आधार.

पण देशाची सीमा न ओलांडताही माणूस यादीबाहेर राहू शकतो. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात तेच झालं. महाराष्ट्रातली ३३ गावं, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, पाण्याखाली जाणार होती. १९७९ च्या लवादाचा निवाडा कागदावर तरी उदार होता: जमिनीच्या बदल्यात जमीन, तीही किमान दोन हेक्टर, आणि सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब. राज्य सरकारने पुनर्वसनावर देखरेख ठेवण्याचं काम टिसकडे दिलं. सर्वेक्षणात अडचण दिसली ती अशी, की पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेती वनखात्याच्या नावावर होती. ज्याच्यापाशी सातबारा नाही, तो दफ्तराच्या लेखी शेतकरी नव्हे, अतिक्रमणदार. मुलगा सज्ञान आहे हे सिद्ध करायला जन्माचा दाखला हवा, आणि डोंगरातल्या पाड्यावर तो कुणाकडे असणार? यातूनच ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ प्रकल्पग्रस्त असे दोन वर्ग पडले आणि अघोषितांचा लढा पुढे वर्षानुवर्षं चालला. नर्मदेचं आंदोलन उभारणाऱ्या मेधा पाटकरही याच संस्थेच्या विद्यार्थिनी. एकाच संस्थेतून सरकारसाठी मोजणारे निघाले आणि सरकारशी भांडणारेही, आणि दोघांचाही मुद्दा शेवटी यादीशीच येऊन ठेपला.

किल्लारीची गोष्ट वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन करून गाव झोपलं असताना भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं दगावली आणि ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. संस्थेचं ग्रामीण संकुल तुळजापुरात आधीपासून होतं. या पुनर्वसनात गावकऱ्यांचा सहभाग घडवून आणण्याची जबाबदारी तिच्यावर आली. घराचा आकार जमिनीवरून ठरला होता: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्यांना ७५०. लाभार्थींची यादी ग्रामसभेत वाचायची होती. अशा यादीत खरी गुंतागुंत असते ती दोन भावांच्या घराची. चुली वेगळ्या, सातबारा एक. मग घरं किती? एकट्या राहणाऱ्या विधवेचं नाव सासऱ्याच्या कुटुंबात धरायचं की वेगळं? हे प्रश्न मंत्रालयात सुटत नाहीत. चारचौघांत मोठ्याने वाचलेल्या यादीवर हरकत घेता आली, तरच ते सुटतात.

हाच धागा घरातल्या हिंसेपर्यंत जातो. १९८४ मध्ये संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारातच बसू लागली. मार खाऊन आलेल्या बाईला ‘घरचं भांडण’ म्हणून परत धाडण्याऐवजी तिचं म्हणणं ऐकून लिहून घेणारं माणूस तिथे असू लागलं. पुढे सरकारनेच ही पद्धत राज्यभर स्वीकारली.

अशा कामाचा कच्चा दुवा म्हणजे पैसा. ज्याच्या प्रकल्पाची तपासणी करायची, बऱ्याचदा तोच खर्च देतो. जून २०२४ मध्ये टाटा ट्रस्टच्या निधीअभावी टिसमधल्या शंभरहून अधिक कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीची पत्रं गेली आणि दोनच दिवसांत मागे घेण्यात आली. विस्थापितांची बाजू मांडणाऱ्यांची स्वतःची नोकरी इतकी डळमळीत असेल, तर त्यांच्या लेखणीचं बळही तेवढंच राहतं.

म्हणून सगळा भार विद्यापीठावर टाकून चालणार नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांचा अभ्यास, त्यावर जनसुनावणी, आणि तो अहवाल स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत उपलब्ध करणं बंधनकारक केलं. काही प्रकल्पांना त्यातून सूट देण्याची वाटही नंतर काढली गेली. पालघर जिल्ह्यात पुढची मोजणी सुरू होईल तेव्हा मोबदल्याच्या दराआधी दोन गोष्टी विचाराव्यात: हा अभ्यास झाला आहे का, आणि त्याची मराठी प्रत कुठे वाचायला मिळेल. यादी अंतिम होण्यापूर्वी ती वाचता आली, तरच तीत राहून गेलेलं नाव घालून घेता येतं.