रात्रीच्या पातेल्यात काय उरतं?

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस माहेरी, दौंडला गेले होते. शिरूरहून दौंड काही फार लांब नाही. न्हावरा, चौफुला करत एस.टी.ने गेलं की झालं. पण घर, शाळेतले अर्धवेळ तास आणि सासूबाईंचं पथ्यपाणी यांतून सवड काढायची म्हणजे कोण यातायात! दादा रेल्वेत. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, बी.ए. होऊन पोलीसभरतीची तयारी करते आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाच्या दोन गटांचा तळ असल्याने गावातल्या मुलांना खाकीचं आकर्षण लहानपणापासूनच. हल्ली मुलीही मागे नाहीत. मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, गोळा फेकायचा असतो. गेल्या वेळी माझ्या भाचीचे मैदानावरचे गुण थोडक्यात कमी पडले. तेव्हापासून पोरगी रोज संध्याकाळी दोन तास घाम गाळते.

त्या रात्री दहा वाजता मी अंथरुणं घालत होते, तर ही स्वयंपाकघरात खडखड काहीतरी हलवत उभी. पाहते तो हातात प्लॅस्टिकचा पेला, शेजारी भला मोठा डबा.

“हे गं काय?”

“प्रोटीन पावडर, आत्या. झोपायच्या आधी घेतलं की रात्रभर स्नायू भरून येतात. आमच्या ग्राउंडवर सगळे घेतात.”

डब्याची किंमत विचारली तर चोवीसशे रुपये! वहिनींनी भिशीच्या पैशातून आणून दिला होता. मी गप्प बसले. पण मनातून काही जाईना. या म्हणण्यात तथ्य किती? शिरूरला परतल्यावर शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं, त्यांनी दिलेलं वाचलं, आणि जे हाती आलं ते तुमच्यापुढे मांडते आहे. कारण आज तुमच्या घरातही कोणीतरी धावत असेल, जिमला जात असेल, नाहीतर तुम्ही स्वतःच संध्याकाळी पाय ओढत घरी येत असाल.

झोपेत शरीर काय करतं?

व्यायामाने किंवा कष्टाने स्नायूंची थोडी झीज होते. ती भरून काढायला शरीराला दोन गोष्टी लागतात, विश्रांती आणि प्रथिने. प्रथिने म्हणजे घरबांधणीच्या विटा. झोपेत विश्रांती मिळते, पण आठ तास पोटात काही जात नाही, मग विटा येणार कुठून? हाच प्रश्न हॉलंडमधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या संशोधकांना पडला. २०१२ साली त्यांनी सोळा तरुणांना संध्याकाळी व्यायाम करायला लावला, आणि त्यांतल्या काहींना झोपण्याआधी अर्धा तास ४० ग्रॅम केसीन नावाचं दुधातलं प्रथिन दिलं, बाकीच्यांना प्रथिन नसलेलं पेय. केसीन घेतलेल्यांच्या स्नायूंची बांधणी रात्रभरात सुमारे २२ टक्क्यांनी जास्त झाली. २०१५ साली तिथेच बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. रात्री प्रथिनयुक्त पेय घेऊन व्यायाम करणाऱ्या तरुणांचे स्नायू आणि ताकद इतरांपेक्षा जास्त वाढली.

म्हणजे पोरगी अगदीच काही चुकीचं बोलत नव्हती. पण गोम अशी आहे की, दोन्ही प्रयोगांत ज्यांच्याशी तुलना केली त्यांना त्या जागी दुसऱ्या वेळी तितकी प्रथिने दिलीच नव्हती. तेव्हा फायदा रात्रीच्या वेळेचा, की दिवसाकाठी पोटात गेलेल्या जास्त प्रथिनांचा, हे त्यातून ठरत नाही. शिवाय त्यांत सगळे तरुण मुलगेच होते, मुली नव्हत्या. अनेक तज्ज्ञांचं म्हणणं असं की, दिवसभरात एकूण किती मिळालं हे आधी पाहावं, घड्याळ नंतर.

केसीन म्हणजे काही परकी वस्तू नव्हे बरं का! दुधात लिंबू पिळलं की जो चोथा निघतो, ज्याचं आपण पनीर करतो, तो मुख्यतः केसीनचाच. खाली राहणाऱ्या हिरवट पाण्यात जे प्रथिन उरतं त्याला व्हे म्हणतात, आणि बाजारातल्या बहुतेक पावडरी त्याच्याच. गायीच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसीन असतं. पोटात गेल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि ते सावकाश पचतं, म्हणून रात्रीसाठी त्याची निवड. मात्र ४० ग्रॅम प्रथिने नुसत्या दुधातून हवी असतील तर सव्वा लिटर दूध प्यावं लागेल! तेव्हा झोपतानाचा पेलाभर दूध म्हणजे चमत्कार नव्हे. पण दिवसाच्या हिशोबात त्याची सहा-सात ग्रॅमची भर मात्र पडते.

माझाच हिशोब

आता हा दिवसाचा हिशोब. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली सांगितलेलं प्रमाण असं की, प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. नेटाने व्यायाम करणाऱ्यांना किलोमागे १.२ ते २ ग्रॅम लागतात असं क्रीडावैद्यकातले तज्ज्ञ सांगतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही जास्त लागतात.

माझं वजन बरोबर ५५. म्हटलं, बघू या तरी! दोन कप चहातलं दूध, ३ ग्रॅम. सकाळी पोहे, साडेतीन. दुपारच्या तीन पोळ्या, १०. फळभाजी, २. रात्री एक भाकरी, ६. भात, अडीच. आणि पातेल्याच्या तळाशी उरलेली अर्धी वाटी पातळ आमटी, २. बेरीज केली, २९! चतुर्थीच्या दिवशी तर विचारूच नका. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच, खिचडीत जो दाण्याचा कूट असतो तेवढाच काय तो आधार.

संध्याकाळी पोटऱ्या दुखतात, जिना चढताना थकायला होतं, हे मी आजवर वयावर ढकलत होते. सगळा दोष प्रथिनांचा नसेलही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं होतं. म्हणून सारखा थकवा असेल तर आधी रक्त तपासून घ्यावं. पण ताटातली तूट तर कागदावर स्वच्छ दिसत होती.

त्याच रात्रीचं जेवण

आणि मग मला दौंडचं त्या रात्रीचं जेवण आठवलं. वहिनींनी अंड्याचा रस्सा केला होता. अंडी सहा. दोन दादाला, दोन बारावीतल्या भाच्याला, “त्याचं अभ्यासाचं वर्ष आहे.” दोन माझ्या ताटात, कारण मी माहेरवाशीण. भाचीच्या आणि वहिनींच्या ताटात नुसता रस्सा. मी माझ्यातलं एक भाचीला वाढायला गेले, तर वहिनी म्हणाल्या, “राहू द्या ताई, मुलीच्या जातीला उष्ण पडतं. आणि तिला डबा आणलाय ना!”

काय म्हणावं याला? चोवीसशे रुपये भिशीतून काढणारी आई मुलीवर माया करत नाही असं कोण म्हणेल? पण तेवढ्या पैशात, आठ रुपयांना एक धरलं तरी, तीनशे अंडी येतात. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने. आणि अंडं मुलांना चालतं, मुलींना बाधतं, याला वैद्यकशास्त्रात काही आधार नाही.

वहिनींना नावं ठेवायला मी कोण? माझ्या घरीही आधी पुरुषमंडळी आणि मुलगा जेवतो, मग मुलगी आणि मी. आमटीतली डाळ वर कधीच राहत नाही, आमच्या वाट्याला येईस्तोवर पाणीच राहतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलं नव्हतं. हात आपोआपच तसा वाढत गेला. आपल्याकडे तालमीतल्या मल्लाला खुराक असतो, दूध, तूप, बदामाची थंडाई. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, आहळिवाची खीर असते. पण बाळंतपण सरलं की बाईचा खुराक संपला! मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडी ती जिंकली. आता मुली आखाड्यात उतरल्या, मैदानावर उतरल्या, तर त्यांचा खुराक कुठून येणार? पातेल्याच्या तळातून?

काय करता येईल?

डबा फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण २०२४ च्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारमार्गदर्शनात प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असंच सांगितलं आहे. घ्यायचीच झाली तर परवाना क्रमांक, साखरेचं प्रमाण आणि मुदत पाहून, डॉक्टरांना विचारून घ्यावी. घरात मात्र हे सहज जमतं:

● रात्री डाळ किंवा कडधान्य घट्ट करावं. भाकरीबरोबर पिठलं, मटकीची उसळ, मुगाची आमटी. धान्यात जे कमी असतं ते डाळीत असतं, म्हणून दोघांची जोडी.

● मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम भाजके शेंगदाणे, सात-आठ ग्रॅम प्रथिने. तेवढेच फुटाणे, सहा-सात. एक उकडलेलं अंडं, सहा. ५० ग्रॅम पनीर, सुमारे नऊ.

● संध्याकाळी सराव करणाऱ्या मुलांनी आल्यावर तासाभरात नीट जेवावं आणि झोपताना पेलाभर दूध घ्यावं. दूध पचत नसेल तर फुटाणे किंवा अंडं.

● जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर असावं. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी झोपताना काही खाऊ नये, संध्याकाळीच खावं.

● लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नये, लोह अंगी लागत नाही.

● मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

● आणि झोप! मोबाईल पाहत बारा वाजवले तर पेलाभर दूध काय करणार?

आमच्या सासूबाई रात्री दही खाऊ देत नाहीत, आयुर्वेदात नको म्हटलंय म्हणून. मी वाद घातला नाही. दही दुपारी घेते. हिशोब दिवसाचा आहे, वेळेवरून भांडण कशाला?

घरी एक बदल मात्र केला. आमटी ढवळून पाची वाट्या आधीच वाढून ठेवते, माझीसुद्धा. पहिल्या दिवशी आमचे हे म्हणाले, “आज आमटी पातळ का?” मी म्हटलं, “पातळ नाही, सारखी आहे.” ते हसले, पण काही बोलले नाहीत. आठवीतली मुलगी तिची वाटी रोज चाटूनपुसून संपवते. इतके दिवस तिला भूक होती, हे मला दिसलं कसं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

वहिनींना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांना राग येईल अशी धास्ती होती. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ताई, माझ्या आईनेही मला कधी अख्खं अंडं वाढलं नाही हो.” परवा त्यांचाच फोन आला. आता चार माणसांना चार अंडी, आणि पाचवं असेल तर धावणारीला. भरतीचं काय होईल ते होईल. पण या खेपेला पोरगी मैदानात उतरेल ती भरल्या पोटाने.

मैत्रिणींनो, आज रात्री जेवायला बसाल तेव्हा एकदा तुमच्या वाटीत डोकावून पाहा.